पायथनमधून वेब फॉर्म सबमिट करणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला मेलवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सारखे येत असतात, विचारणारे कॉलेजातले असतात, ऑफिसात रोज एकाच पोर्टलवर शंभर एंट्र्या मारणारे असतात, छोट्या संस्थांचं काम बघणारे असतात. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. उदाहरणं पायथन आणि त्यातल्या रिक्वेस्ट्स लायब्ररीची आहेत (पीएचपी आणि नोडवाल्यांनी शेवटचा प्रश्न बघा). कोडातली नावं इथे आपण बोलतो तशी लिहिलीयेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायची.

१. फॉर्म सबमिट केला की सर्व्हरला नक्की काय जातं?

नाव आणि व्हॅल्यूच्या जोड्या जातात, बस. स्क्रीनवर दिसणारे रंग, लेबलं, लाल चांदण्या यातलं काहीही जात नाही. फॉर्मच्या टॅगमध्ये तीन गोष्टी बघायच्या: ॲक्शन म्हणजे डेटा कुठल्या पत्त्यावर जाणार, मेथड म्हणजे गेट की पोस्ट, आणि एन्कटाइप म्हणजे डेटा कुठल्या प्रकारे बांधून पाठवायचा. एन्कटाइप लिहिलेलाच नसेल तर ब्राउझर यूआरएल-एन्कोडेड पद्धत धरतो, त्यात जोड्या अँपरसँडने जोडल्या जातात आणि स्पेसच्या जागी अधिकची खूण येते. तुमच्या स्क्रिप्टला एवढंच करायचंय, ब्राउझर जे पाठवतो तेच जसंच्या तसं पाठवायचं. खालचे जवळजवळ सगळे प्रॉब्लेम या दोन्हींत कुठेतरी बारीक फरक पडल्यामुळे येतात.

२. गेट वापरू की पोस्ट?

हे तुम्ही ठरवायचं नसतं, फॉर्मने ठरवलेलं असतं. मेथड लिहिली नसेल तर गेट. गेटमध्ये सगळा डेटा पत्त्यातच प्रश्नचिन्हानंतर जातो, त्यामुळे तो ब्राउझरच्या हिस्टरीत आणि सर्व्हरच्या लॉगमध्ये राहतो. तुमचा स्वतःचा सर्व्हर असेल आणि तुम्हीच ठरवणार असाल तर सर्चसाठी गेट ठेवा, आणि काहीही सेव्ह होणार असेल, बदलणार असेल किंवा पासवर्ड असेल तर पोस्टच.

३. एकदम साधं चालणारं उदाहरण द्या ना.

एचटीटीपीबिन डॉट ऑर्ग ही साइट खास अशा टेस्टिंगसाठी आहे, तिच्यावर फॉर्म्स स्लॅश पोस्ट या पानावर पिझ्झा ऑर्डरचा खोटा फॉर्म आहे. त्याचा सोर्स उघडून बघितलात तर फील्डची नावं दिसतील: कस्टनेम, कस्टटेल, कस्टईमेल, साइझ, टॉपिंग, डिलिव्हरी, कॉमेंट्स. ॲक्शन आहे स्लॅश पोस्ट.

आता पायथनमध्ये एक डिक्शनरी बनवा, की म्हणून ही नावं आणि व्हॅल्यू म्हणून तुमचा डेटा. मग रिक्वेस्ट्स.पोस्ट ला पत्ता द्या, डेटा= मध्ये ती डिक्शनरी द्या आणि टाइमआउट= १५ द्या (टाइमआउट का, ते प्रश्न १५ मध्ये). उत्तर म्हणून सर्व्हर तुम्ही पाठवलेलंच सगळं परत दाखवतो, "फॉर्म" या भागात तुमच्या जोड्या आणि "हेडर्स" मध्ये तुमचे हेडर. माझं मनापासून सांगणं आहे की खऱ्या पोर्टलला हात लावण्याआधी प्रत्येक स्क्रिप्ट इथे एकदा चालवून बघा, आपण काय पाठवतोय हे डोळ्याने दिसतं आणि कुणाच्या डेटाबेसमध्ये कचरा पडत नाही. फक्त इथेसुद्धा खरे पासवर्ड किंवा लोकांचे खरे नंबर टाकू नका, साइट दुसऱ्याची आहे.

४. लेबलवर "मोबाइल नंबर" लिहिलंय, मी तीच की दिली तर सर्व्हर म्हणतो फील्ड रिकामं आहे. का?

कारण लेबल माणसासाठी असतं. सर्व्हरला इनपुट टॅगमधलं नेम लागतं, आयडीसुद्धा चालत नाही, आणि नेम नसलेलं इनपुट ब्राउझर पाठवतच नाही. नावातलं कॅपिटल-स्मॉलही तंतोतंत तेच हवं.

पण सोर्स वाचत बसण्यापेक्षा चांगला रस्ता आहे. ब्राउझरमध्ये एफ१२ दाबा, नेटवर्क टॅब उघडा, "प्रिझर्व्ह लॉग" वर टिक करा (नाहीतर पान बदललं की यादी पुसली जाते), मग हाताने एकदा फॉर्म भरून सबमिट करा. यादीत जी पोस्ट रिक्वेस्ट दिसेल तिच्यावर क्लिक करून पेलोड (म्हणजे पाठवलेला डेटा) बघा. तुम्ही न भरलेली लपलेली फील्डंसुद्धा तिथे दिसतील. ती यादी कॉपी करून ठेवा, पुढे काहीही अडलं की तिच्याशीच तुलना करायची असते.

५. डेटा, जेसन, पॅराम्स, फाइल्स यातलं कुठलं कधी वापरायचं?

गेट फॉर्म असेल तर पॅराम्स. साधा पोस्ट फॉर्म असेल तर डेटा. फाइल अपलोड असेल तर फाइल्स, आणि सोबतची बाकीची फील्डं डेटामध्ये. जेसन फक्त तेव्हा, जेव्हा नेटवर्क टॅबमध्ये कंटेंट-टाइप ॲप्लिकेशन स्लॅश जेसन दिसतो. सगळ्यात कॉमन गडबड म्हणजे साध्या फॉर्मला जेसन पाठवणं, अशा वेळी पीएचपीच्या बाजूला पोस्टचा ॲरे रिकामाच राहतो, एरर पण येत नाही, माणूस तासभर शोधत बसतो.

अजून एक, डेटामध्ये डिक्शनरीऐवजी स्वतः बनवलेली स्ट्रिंग दिलीत तर रिक्वेस्ट्स फॉर्मचा कंटेंट-टाइप लावत नाही. डिक्शनरीच द्या. आणि पायथनची स्वतःची यूआरएललिब वापरत असाल तर यूआरएलएन्कोड केल्यावर त्याचे बाइट्स करून द्यावे लागतात, नाहीतर टाइपएरर येते.

६. चेकबॉक्स आणि ड्रॉपडाउनचं काय पाठवू? ट्रू-फॉल्स चालेल?

नाही चालणार. टिक नसलेला चेकबॉक्स ब्राउझर पाठवतच नाही, म्हणजे "फॉल्स" किंवा शून्य पाठवायचं नाही, ती कीच काढून टाकायची. टिक असेल तर त्याची व्हॅल्यू जाते, आणि व्हॅल्यू लिहिलेली नसेल तर "ऑन" हा शब्द जातो. ड्रॉपडाउनमध्ये दिसतं "पुणे" पण जाते ऑप्शनची व्हॅल्यू, ती २५ पण असू शकते आणि पीएन पण.

एकाच नावाचे तीन चेकबॉक्स टिक असतील (पिझ्झ्याच्या फॉर्ममधलं टॉपिंग) तर त्या कीला लिस्ट द्या, रिक्वेस्ट्स नाव तीनदा लावून पाठवते. पीएचपीच्या साइटवर अशा नावांच्या शेवटी चौकटी कंस असतात, ते नावाचाच भाग आहेत, कीमध्ये तसेच लिहायचे. डिसेबल्ड फील्ड जात नाही, रीडओन्ली मात्र जातं. आणि सबमिट बटणाला नेम असेल तर दाबलेल्या बटणाची जोडीही जाते, "सेव्ह" आणि "फायनल सबमिट" अशी दोन बटणं असतील तर सर्व्हर त्यावरूनच ओळखतो की काय करायचंय, त्यामुळे ही जोडी विसरू नका.

७. ब्राउझरमधून होतं, स्क्रिप्टमधून ४०३ किंवा ४१९ येतं. सगळी फील्डं तर तीच आहेत!

हे सर्व्हरच्या नकाराचे आकडे आहेत, आणि कारण बहुतेक वेळा सीएसआरएफ टोकन. सर्व्हर फॉर्म दाखवताना त्यात एक लपलेलं टोकन ठेवतो आणि सबमिटच्या वेळी तेच परत आलंय का बघतो. साइट कुठल्या फ्रेमवर्कमध्ये बनवलीय त्यावर त्याचं नाव ठरतं: जँगोमध्ये सीएसआरएफमिडलवेअरटोकन असतं, रेल्समध्ये ऑथेंटिसिटी टोकन, लाराव्हेलमध्ये अंडरस्कोअर टोकन, आणि ४१९ हा आकडा दिसला की समजायचं लाराव्हेल आहे आणि टोकन चुकलंय किंवा जुनं झालंय.

नेटवर्क टॅबमधून टोकन कॉपी करून कोडात चिकटवायचं नाही, थोड्या वेळाने बंद पडेल. रिक्वेस्ट्सचा सेशन ऑब्जेक्ट बनवा (तो कुकीज लक्षात ठेवतो), त्याच सेशनने आधी फॉर्मचं पान गेटने आणा, ब्यूटिफुल सूप या एचटीएमएल वाचणाऱ्या लायब्ररीने त्यातली सगळी हिडन इनपुट्स काढा, डिक्शनरीत भरा, वर आपला डेटा घाला आणि त्याच सेशनने पोस्ट करा. टोकन आणि कुकी यांची जोडी असते, एक ह्या भेटीतलं आणि एक त्या भेटीतलं चालत नाही. जँगो एचटीटीपीएसवर रेफरर हेडरही तपासतं, म्हणून रेफररमध्ये फॉर्मच्या पानाचा पत्ता द्या, टोकन बरोबर असून ४०३ येत असेल तर कारण हेच असू शकतं.

काही साइट्स "पायथन-रिक्वेस्ट्स" असा यूजर-एजंट दिसला की सरळ नकार देतात. परवानगी घेऊन काम करत असाल तर यूजर-एजंटमध्ये तुमच्या संस्थेचं नाव आणि मेल लिहा, ॲडमिनला काही शंका आली तर तो ब्लॉक करण्याआधी विचारू तरी शकतो.

८. जिल्हा निवडला की तालुके लोड होतात असा फॉर्म आहे, डबल अंडरस्कोअर व्ह्यूस्टेट नावाचं लांबलचक काहीतरी आहे. हे कसं करायचं?

हा एएसपी डॉट नेट वेब फॉर्म्सचा फॉर्म आहे. इथे पहिल्यांदा फॉर्म उघडून शेवटी एकच पोस्ट करून भागत नाही, कारण जिल्हा बदलला की ब्राउझर अख्खा फॉर्म सर्व्हरला पाठवतो आणि नवीन पान घेतो. त्या नव्या पानात व्ह्यूस्टेट (पानाची स्थिती साठवणारं लपलेलं फील्ड) आणि इव्हेंटव्हॅलिडेशन (कुठल्या व्हॅल्यू चालतील ते सांगणारं लपलेलं फील्ड) दोन्ही बदललेले असतात. तुम्ही जुन्या पानातलं इव्हेंटव्हॅलिडेशन घेऊन त्यात नसलेला तालुका पाठवलात तर सर्व्हर "इनव्हॅलिड पोस्टबॅक" म्हणून फेकून देतो, कारण त्याच्या मते तो तालुका यादीत कधी दाखवलेलाच नाही.

मग रस्ता असा: पान आणा, हिडन फील्डं काढा. इव्हेंटटार्गेट या फील्डमध्ये जिल्ह्याच्या ड्रॉपडाउनचं नाव घाला, जिल्ह्याची व्हॅल्यू घाला, पोस्ट करा. उत्तरात आलेल्या पानातून हिडन फील्डं पुन्हा नव्याने काढा. तालुक्यासाठी परत तेच, गावासाठी परत तेच. शेवटच्या पोस्टला इव्हेंटटार्गेट रिकामं ठेवून सबमिट बटणाची जोडी घालायची. कंटाळवाणं आहे खरं, पण एक फंक्शन लिहिलं, जे उत्तरातलं पान घेऊन हिडन फील्डांची डिक्शनरी परत देतं, की प्रत्येक पायरी दोन-तीन ओळींची होते. अपडेट पॅनल (पानाचा फक्त एक भाग बदलायची सोय) वापरलं असेल तर अख्खं पान न येता उभ्या रेषांनी तोडलेले तुकडे येतात, तिथे व्ह्यूस्टेट त्या तुकड्यांतून काढायचं.

९. लॉगिन केल्यावरच फॉर्म दिसतो. स्क्रिप्टमध्ये लॉगिन कसं करू?

लॉगिनसुद्धा एक फॉर्मच आहे, प्रश्न ७ मधलीच पद्धत, एकाच सेशनने आधी लॉगिनची पोस्ट आणि मग पुढचं. कुकीज सेशन सांभाळतं. पासवर्ड कोडात लिहू नका, एन्व्हायरन्मेंट व्हेरिएबलमधून घ्या, स्क्रिप्ट कुणाला तरी फॉरवर्ड होते आणि पासवर्ड सोबत जातो.

१०. स्टेटस २०० आला, पण पोर्टलवर एंट्री दिसतच नाही.

२०० म्हणजे सर्व्हरने एक पान परत दिलं, एवढंच. "मोबाइल नंबर चुकीचा आहे" हे लाल अक्षरातलं पानसुद्धा बऱ्याच साइट्स २०० नेच देतात. सेशन संपलं असेल तर लॉगिनचं पान येतं, तेही २००. म्हणून आलेलं उत्तर एका फाइलमध्ये सेव्ह करून ब्राउझरमध्ये उघडा आणि वाचा.

बऱ्याच साइट्स सेव्ह झाल्यावर ३०२ किंवा ३०३ देऊन दुसऱ्या पानावर पाठवतात आणि चूक असेल तर तेच पान पुन्हा दाखवतात. अशा ठिकाणी अलाऊ-रीडायरेक्ट्स= फॉल्स दिलं की नीट कळतं, ३०२ आला आणि लोकेशन हेडरमध्ये अपेक्षित पत्ता असला तर झालं. आणि सगळ्यात पक्कं म्हणजे पावती क्रमांक. यशाच्या पानावर जो नंबर येतो तो काढून, ज्या सीएसव्ही यादीतून स्क्रिप्ट एकेक ओळ भरते तिच्यात त्या ओळीपुढे लिहा. नंबर मिळाला नाही तर ती ओळ "झाली" म्हणून धरायचीच नाही, कारण त्या ओळीमागे कुणाचा तरी अर्ज असतो, आणि तो गेलाच नव्हता हे त्या माणसाला शेवटची तारीख उलटल्यावर कळतं.

११. मी पोस्ट केलं, पण सर्व्हरच्या लॉगमध्ये गेट दिसतंय आणि डेटा गायब. हे कसं?

रीडायरेक्ट झालंय. तुम्ही एचटीटीपी पत्ता दिला, सर्व्हरने ३०१ देऊन एचटीटीपीएसवर पाठवलं, आणि ३०१, ३०२, ३०३ यांवर रिक्वेस्ट्स लायब्ररी पोस्टचं गेट करते, ब्राउझरही तसंच करतात. ३०७ आणि ३०८ वर मेथड आणि डेटा टिकतो. शेवटचा स्लॅश राहिला किंवा डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू राहिलं तरी हेच होतं. उत्तराच्या हिस्टरी मध्ये रीडायरेक्टचे टप्पे दिसतात, तिथल्या लोकेशन हेडरमधला बरोबर पत्ता उचलून थेट तोच वापरा.

१२. मराठी मजकूर पाठवला की तिकडे प्रश्नचिन्हं दिसतात. युनिकोड नीट टाकूनही!

काय दिसतंय त्यावरून कुठे बिघडलंय ते कळतं.

नुसती प्रश्नचिन्हं असतील तर सहसा मजकूर सर्व्हरला नीट पोचलाय आणि डेटाबेसने खाल्लाय, म्हणजे टेबल किंवा कनेक्शन लॅटिन-१ (फक्त युरोपीय अक्षरांचं जुनं एन्कोडिंग) आहे. तुमच्या बाजूने इलाज नाही, सर्व्हरवाल्यांना सांगा.

"अँपरसँड, हॅश, २३५०, सेमिकोलन" असं काही दिसत असेल (२३५० म्हणजे म) तर फॉर्मचं पान यूटीएफ-८ (युनिकोडचं नेहमीचं एन्कोडिंग) नाहीये. जुन्या एन्कोडिंगच्या पानावरून देवनागरी पाठवली की ब्राउझर प्रत्येक अक्षराचं असं रूप करून पाठवतो. तुमची स्क्रिप्ट यूटीएफ-८ पाठवते, म्हणजे ब्राउझरपेक्षा वेगळं, म्हणून हाताने भरलेल्या एंट्र्या आणि स्क्रिप्टच्या एंट्र्या वेगळ्या दिसतात.

आणि ए वर मात्रा, मग कसलीशी चलनाची खूण, असा कचरा फक्त तुमच्या स्क्रीनवर दिसत असेल तर पाठवलेलं बरोबर आहे, वाचताना चूक होतेय. सर्व्हरने कॅरेक्टरसेट सांगितला नाही तर रिक्वेस्ट्स एचटीएमएलला लॅटिन-१ समजते, टेक्स्ट वाचण्याआधी रिस्पॉन्सचं एन्कोडिंग यूटीएफ-८ करा.

लांबीचंही बघा. देवनागरीचं एकेक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट्सचं, आणि यूआरएल-एन्कोड झाल्यावर नऊ कॅरेक्टरचं. "मराठी" हा शब्द पाच चिन्हांचा, म्हणजे पत्त्यात ४५ कॅरेक्टर. गेट फॉर्ममध्ये दोन-तीन परिच्छेद मराठी टाकले की पत्ता लांब झाला म्हणून ४१४ येऊ शकतो. आणि तुमची एक्सेल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर ती मुळात युनिकोड नाही, आधी कन्व्हर्ट करा.

१३. मजकूर बरोबर दिसतो तरी सर्व्हर म्हणतो "गाव सापडले नाही", किंवा पिनकोड चुकीचा.

मराठीतली खास अडचण आहे ही. "कऱ्हाड" दोन प्रकारे टाइप होतं: एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलंत, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि झिरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह). स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, कॉम्प्युटरला वेगळे. युनिकोड नॉर्मलायझेशन (एनएफसी) केलं तर र आणि नुक्ता वेगळे असतील ते जुळून ऱ होतात, पण जॉइनरवालं रूप तसंच राहतं, ते तुम्हाला स्वतः रिप्लेस करावं लागतं. सर्व्हरच्या ड्रॉपडाउनमध्ये जे रूप आहे तेच ठेवा.

पिनकोडचं कारण देवनागरी आकडे. पायथनचं इंट "४११०३०" ला आनंदाने नंबर समजतं, इजडिजिटही होकार देतं, म्हणून तुमची तपासणी पास होते आणि सर्व्हर शून्य ते नऊ इंग्रजीच मागतो. इंट करून परत स्ट्रिंग करू नका, खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात. स्ट्रिंगचं ट्रान्सलेट वापरून दहा आकडे बदला.

१४. फाइल अपलोड होत नाही, किंवा सगळा फॉर्मच रिकामा पोचतो.

पहिलं, कंटेंट-टाइप हेडर स्वतः लिहू नका. मल्टिपार्टमध्ये (फाइल असलेला फॉर्म तुकड्यातुकड्यांनी पाठवायची पद्धत) तुकडे वेगळे करणारी एक बाउंड्री असते जी लायब्ररी बनवते, तुम्ही हेडर लिहिलात की ती गायब आणि सर्व्हरला तुकडे करता येत नाहीत. फाइल आरबी मोडमध्ये उघडा.

दुसरं, साइज. एनजिनएक्स या वेब सर्व्हरची डिफॉल्ट मर्यादा १ एमबी आहे, वर गेलात की ४१३. पीएचपीमध्ये एका फाइलला २ एमबी आणि अख्ख्या पोस्टला ८ एमबी डिफॉल्ट, आणि ८ च्या वर गेलं की पोस्टचा ॲरे पूर्ण रिकामा येतो, म्हणूनच "सगळी फील्डं भरा" असा विचित्र मेसेज दिसतो. स्कॅन केलेला दाखला लहान करून पाठवा.

फाइलचं नाव मराठीत असेल तर इंग्रजी करा, काही सर्व्हर अडकतात. आणि फॉर्म मल्टिपार्ट आहे पण फाइल द्यायचीच नाहीये असं असेल तर फाइल्समध्येच जोडी द्यायची, फाइलच्या नावाच्या जागी नन आणि मग व्हॅल्यू.

१५. मध्येच टाइमआउट आला. परत चालवू का?

थांबा! टाइमआउट म्हणजे तुम्हाला उत्तर मिळालं नाही, सर्व्हरला डेटा मिळाला नाही असं नव्हे. एंट्री होऊन बसलेली असू शकते आणि परत चालवलंत तर दुबार होईल, पैसे भरायचा फॉर्म असेल तर विचारूच नका. आधी पोर्टलवर शोधून खात्री करा, मगच ती एक ओळ परत पाठवा. म्हणून प्रत्येक ओळीचा निकाल लगेच फाइलमध्ये लिहायचा, शेवटी नाही (पावती क्रमांकाचं प्रश्न १० मध्ये आहे). आपोआप रिट्राय लावणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की यूआरएललिब३ (रिक्वेस्ट्स आतून वापरते ती लायब्ररी) चा रिट्राय एरर स्टेटसवर पोस्ट मुद्दामच परत पाठवत नाही. ते जबरदस्तीने चालू करू नका.

रिक्वेस्ट्सला डिफॉल्ट टाइमआउटच नाही, दिला नाहीत तर स्क्रिप्ट रात्रभर लटकून राहील. आणि दोन रिक्वेस्टच्या मध्ये थोडा वेळ थांबा, ४२९ (फार वेगाने पाठवताय) आला तर रीट्राय-आफ्टर हेडरमध्ये दिलाय तेवढा.

१६. एसएसएल एरर येते, व्हेरिफाय= फॉल्स करू का?

नको. त्यानंतर तुमचा पासवर्ड कुणाकडे जातोय हे कळायचा मार्ग उरत नाही. बऱ्याचदा सर्व्हरने मधलं सर्टिफिकेट लावलेलं नसतं, काही ब्राउझर ते स्वतः आणतात, पायथन आणत नाही. ते सर्टिफिकेट डाउनलोड करून बाकीच्या सर्टिफिकेटांच्या फाइलमध्ये जोडा आणि व्हेरिफाय ला त्या फाइलचा पत्ता द्या.

१७. फॉर्म टॅगच नाहीये, सगळं जावास्क्रिप्टने होतं.

तरी शेवटी रिक्वेस्ट जातेच, प्रश्न ४ मधला नेटवर्क टॅब तिथेही चालतो, उलट अशा साइट्स सहसा जेसन घेतात म्हणून सोपं जातं. रिक्वेस्टवर राइट क्लिक करून "कॉपी ॲज कर्ल" घेतलंत की हेडरसकट सगळं एका कमांडमध्ये मिळतं. पण डेटा ब्राउझरमध्येच एन्क्रिप्ट होत असेल किंवा दर वेळी डेटाची डिजिटल सही बनत असेल तर मात्र प्लेराइट किंवा सेलेनियम घ्या, खरा ब्राउझर चालवा. हळू चालेल, पण चालेल.

१८. कॅप्चा आणि ओटीपी कसा चुकवायचा? आणि हे सगळं कायदेशीर आहे ना?

कॅप्चा चुकवायची पद्धत मी सांगत नाही. कॅप्चा लावलाय म्हणजे साइटवाल्याने सांगितलंय की इथे माणूस हवा. कॅप्चाशी आणि ओटीपीशी माणसाला थांबवा, बाकीचं स्क्रिप्टला करू द्या, तरी बराच वेळ वाचतो. काम मोठं असेल तर लेखी अर्ज करून बल्क अपलोड किंवा एपीआय मागा, बऱ्याच ठिकाणी एक्सेल अपलोडची सोय असते आणि ती कुणी सांगत नाही.

स्वतःच्या लॉगिनने, स्वतःचा डेटा, साइटच्या अटींत बसेल असा भरायला हरकत नसते. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इतरांचा डेटा भरत असाल तर त्यांची संमती घ्या आणि काम झाल्यावर सीएसव्ही लॅपटॉपवर पडून ठेवू नका.

१९. मी पीएचपी किंवा नोड वापरतो, माझ्यासाठी काय वेगळं?

पद्धत तीच, एक-दोन जागा सांभाळा. पीएचपीच्या कर्लमध्ये पोस्टफील्ड्सला ॲरे दिला तर तो मल्टिपार्ट म्हणून जातो, साधा फॉर्म हवा असेल तर एचटीटीपी-बिल्ड-क्वेरी करून स्ट्रिंग द्यायची. नोडमध्ये १८ पासून फेच आतच आहे, त्याला यूआरएलसर्चपॅराम्स दिलं तर साधा फॉर्म जातो आणि फॉर्मडेटा दिलं तर मल्टिपार्ट. कुकीज मात्र नोडचा फेच सांभाळत नाही, प्रश्न ७ आणि ९ मधल्या कामांसाठी तिथे कुकी जारची वेगळी लायब्ररी लावावी लागते.